ट्रॉय डेव्हिससाठी रडले, ब्रूअरसाठी नाही. माझा फाशीविरोध खरा की अर्धामुर्धा?

ओंजळ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी लिहूनच टाकते. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी वीसेक वर्षं अमेरिकेत आहे आणि इथल्या फाशीच्या पूर्ण विरोधात आहे, निदान आतापर्यंत तसं समजत होते. सुरुवात झाली ट्रॉय डेव्हिसपासून, पोलिसाच्या खुनाबद्दल फाशी सुनावलेला कृष्णवर्णीय माणूस. २१ सप्टेंबर २०११, जॉर्जिया. संध्याकाळी सातची वेळ ठरली होती, मग सुप्रीम कोर्टात अर्ज गेला आणि तीन-साडेतीन तास नुसतं थांबणं, तुरुंगाबाहेर शेकडो माणसं, मी टीव्हीसमोरून हललेच नाही. रात्री ११ वाजून ८ मिनिटांनी संपलं. पोलिस सोडून जे नऊ साक्षीदार होते त्यातल्या सात जणांनी नंतर आपली साक्ष मागे घेतली होती किंवा बदलली होती. मी ढसाढसा रडले. मुलगा आठ वर्षांचा होता, शेजारी बसून विचारत होता की आई हा माणूस आपल्या ओळखीचा होता का.

तोच मुलगा आता बावीसचा आहे. परवा जेवताना विषय निघाला, मी नेहमीचं बोलत होते, काळ्या माणसाला वेगळा न्याय, गोऱ्याला वेगळा, म्हणून ही शिक्षाच नको. त्याने शांतपणे विचारलं, आई, त्याच संध्याकाळी टेक्सासमध्ये अजून एकाला मारलं होतं, त्याच्यासाठी कोण रडलं?

लॉरेन्स ब्रूअर. १९९८ मध्ये जॅस्पर गावात जेम्स बर्ड या कृष्णवर्णीय माणसाला पिकअप ट्रकच्या मागे साखळीने बांधून तीनेक मैल फरफटत नेलं, त्या तिघांपैकी एक. उघड उघड वर्णद्वेष्टा. मला ती केस माहीत होती पण तारीख तीच होती हे खरंच माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यावंसं वाटलं नव्हतं.

अजून एक, हे घरात बोलले नाही ते इथे सांगते. डिसेंबर २०२४ मध्ये बायडन यांनी फेडरल डेथ रोवरच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या खटल्यांत फाशी झालेल्या कैद्यांपैकी, ४० पैकी ३७ जणांची फाशी रद्द करून जन्मठेप केली. उरलेल्या तिघांत डिलन रूफ होता, २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये बायबल वाचायला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना मारणारा. त्याला वगळलंय हे वाचून मला बरं वाटलं. अगदी स्पष्टपणे बरं वाटलं.

मग माझा विरोध फाशीला आहे की फक्त काळ्या माणसाच्या फाशीला? आणि वंशभेद हेच माझं कारण असेल तर उद्या वंशभेद संपला की मला फाशी चालेल का? कृपया मोकळेपणाने लिहा, वाईट वाटून घेणार नाही.

सडेतोड

मी फाशीच्या बाजूचा आहे हे आधीच सांगतो म्हणजे गैरसमज नको. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. वंशभेद हा शिक्षा देण्याच्या पद्धतीतला दोष आहे, शिक्षेतला नाही. अर्नेस्ट व्हान डेन हाग नावाचे एक अभ्यासक होते, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की गुन्हा ज्याचा त्याचा असतो, दहा गुन्हेगारांतले पाच सुटले म्हणून उरलेल्या पाचांचा गुन्हा कमी होत नाही. सुटलेल्यांना पकडा. काळ्या माणसाला मारणारे गोरे सुटत असतील तर त्यांनाही फाशी द्या, मग भेदभाव राहतोच कुठे? आणि रूफच्या बाबतीत बरं वाटलं त्याची लाज कशाला, ती न्यायाची भावना आहे.

रानवारा

ओंजळताई, मुलगा हुशार आहे तुमचा. पण आधी सडेतोड यांना उत्तर देतो कारण हा मुद्दा ऐकायला इतका सोपा वाटतो की पुष्कळ जण तिथेच थांबतात.

"सगळ्यांना सारखी द्या" हे तिथे करून बघितलंय हो. आधी १९३० ते १९६७ बघा, बलात्कारासाठी ४५५ जणांना मृत्युदंड दिला गेला, त्यातले ४०५ कृष्णवर्णीय. १९७२ मध्ये फर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने तेव्हाचे फाशीचे कायदे पाडले, कुणाला मिळेल आणि कुणाला नाही याला काही धरबंधच नाही म्हणून. त्यावर नॉर्थ कॅरोलायनासारख्या काही राज्यांनी काय केलं, ठरावीक गुन्हा सिद्ध झाला की फाशी सक्तीची, मुभाच नाही. म्हणजे तुमचाच उपाय. तो कोर्टाने १९७६ मध्ये वुडसन खटल्यात रद्द केला, कारण माणसाचं वय, परिस्थिती, त्याचा त्या गुन्ह्यातला वाटा काहीच न बघता मारता येणार नाही. त्याच दिवशी ग्रेग खटल्यात दुसऱ्या पद्धतीची फाशी मान्य झाली, ज्यात ज्यूरीने माणूस बघून ठरवायचं. म्हणजे दया दाखवायची मुभा ठेवावीच लागते, आणि मुभा आली की ती कुणाला मिळते हा प्रश्न आलाच. भेदभाव त्याच दारातून आत येतो, ते दार बंद करायचं तर शिक्षा आंधळी होते. मधला रस्ता ५० वर्षांत सापडलेला नाही.

आता मॅक्लेस्की. वॉरन मॅक्लेस्की हा कृष्णवर्णीय, अटलांटात १९७८ च्या दरोड्यात गोऱ्या पोलिसाच्या खुनाबद्दल फाशी. त्याच्या वकिलांनी डेव्हिड बाल्डस यांचा अभ्यास कोर्टापुढे ठेवला, जॉर्जियातले दोन हजारांहून जास्त खून खटले तपासलेले. बाकी सगळ्या गोष्टी हिशोबात धरूनही, मेलेला माणूस गोरा असेल तर फाशीची शक्यता ४.३ पट. लक्षात घ्या, आरोपीचा रंग नाही, *मेलेल्याचा* रंग. कोणाच्या जिवाची किंमत किती, हे तो आकडा सांगत होता. १९८७ मध्ये कोर्ट म्हणालं की अभ्यास खरा धरला तरी तुझ्याच खटल्यात कुणी मुद्दाम भेदभाव केला हे दाखव. पाच विरुद्ध चार. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल निवृत्त झाल्यावर १९९१ मध्ये स्वतःच्या चरित्रकाराला म्हणाले की एखाद्या खटल्यातलं मत बदलता आलं असतं तर मी हे बदललं असतं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मॅक्लेस्कीला विजेच्या खुर्चीत मारलं.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खुपतं ते हे की हा भेदभाव एका केसमध्ये दिसतच नाही. ज्या खटल्यात सरकारी वकिलाने फाशी मागितलीच नाही त्याची फाइल कोण उघडणार? मारला गेलेला गरीब काळा मुलगा असेल, वकिलाने तडजोड केली, जन्मठेप झाली, पेपरात दोन ओळी. तिथे कुणावर अन्याय झाला असं कुणालाच वाटत नाही. सगळे खटले एकत्र मांडले की मगच कळतं. आणि कोर्ट म्हणतं एकत्र मांडलेलं चालणार नाही.

त्याच सप्टेंबर १९९१ मध्ये साउथ कॅरोलायनात डोनाल्ड गॅस्किन्स नावाच्या गोऱ्याला मृत्युदंड झाला, काळ्या माणसाच्या खुनाबद्दल. १९४४ नंतर असं पहिल्यांदा घडलं होतं. आणि ज्याला त्याने मारलं तो स्वतः डेथ रोवरचाच कैदी होता. ४७ वर्षं.

निशिगंध

रानवारा, सविस्तर प्रतिसाद, धन्यवाद. मी पुस्तकी काही सांगू शकत नाही, पण एकदा ज्यूरीसाठी बोलावणं आलं होतं ते सांगते. मी इथली नागरिक आहे, राज्य सांगत नाही.

आधी लांबलचक फॉर्म भरायला दिला. शाळा, धर्म, कोणती मासिकं वाचता, घरात कुणी पोलिस आहे का, वगैरे वगैरे. मग एक प्रश्न, मृत्युदंडाबद्दल तुमचं मत, आणि खाली चार-पाच पर्याय. तेव्हा कळलं की ही साधीसुधी केस नाही. मी खरं तेच लिहिलं, कोणत्याही परिस्थितीत देऊ शकणार नाही.

मग एकेकाला आत बोलवायला लागले. माझ्या आधी एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई होत्या, सकाळपासून माझ्या शेजारी बसल्या होत्या, मांडीवर बायबल, नातवाच्या गोष्टी सांगत होत्या. पाच मिनिटांत बाहेर आल्या, पर्स उचलली आणि म्हणाल्या, जीव घेणं माझ्या हातात नाही म्हटलं तर घरी जा म्हणाले. मग मी गेले. न्यायाधीश खूप सौजन्याने बोलले. कायदा सांगतो म्हणून मत बाजूला ठेवू शकाल का? मी नाही म्हटलं. थँक यू, तुम्ही जाऊ शकता. गाडीत बसून बराच वेळ स्टिअरिंग धरून नुसती बसले होते मी.

घरी येऊन वाचलं तेव्हा समजलं की हा रीतसर नियम आहे. १९६८ च्या विदरस्पून आणि १९८५ च्या विट या खटल्यांपासून चालत आलेला, फाशी देऊच शकणार नाही असं म्हणणाऱ्याला ज्यूरीतून काढता येतं. १९८६ मध्ये तर कोर्टाने असंही म्हटलं की अशी गाळलेली ज्यूरी दोषी ठरवण्याकडे जरा जास्त झुकत असली तरी चालेल. आता कृष्णवर्णीयांमध्ये फाशीला विरोध गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे, म्हणजे त्यांच्यातलेच जास्त लोक दारात गळणार, कुणी भेदभाव केला असं म्हणायचीही सोय नाही. त्याच्यावर मग मुद्दाम काढणं वेगळंच. जॉर्जियातल्या टिमोथी फॉस्टरच्या खटल्यात सरकारी वकिलांची टिपणं नंतर बाहेर आली, ज्यूरीच्या यादीत कृष्णवर्णीयांची नावं हिरव्या हायलायटरने रंगवलेली, शेजारी 'बी' अक्षर. खटला १९८७ चा, सुप्रीम कोर्टाने ते चूक ठरवलं २०१६ मध्ये. मिसिसिपीच्या कर्टिस फ्लॉवर्सवर तर सहा वेळा खटला चालला आणि ज्यूरीसाठी आलेल्या ४२ कृष्णवर्णीयांपैकी ४१ जणांना त्याच सरकारी वकिलाने काढलं.

ओंजळ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही माझ्याकडे. पण त्या बाई आठवल्या. त्यांना केस कुणाची आहे, आरोपी काळा की गोरा, हे तोपर्यंत सांगितलेलंसुद्धा नव्हतं.

सडेतोड

वुडसनचं माहीत नव्हतं, वाचतो. ज्यूरीबद्दलही मान्य, हिरवा हायलायटर म्हणजे हद्द आहे. पण मूळ प्रश्न तसाच राहिला ना. रूफच्या बाबतीत यातलं काय लागू होतं? गुन्हा शंभर टक्के त्याचा, तो गोरा, मेलेले काळे, म्हणजे भेदभाव असलाच तर उलटा. तिथे विरोध कशाच्या जोरावर करणार?

अक्षरवेल

@सडेतोड, तिथे वंशभेदाच्या जोरावर विरोध करताच येत नाही, आणि करूही नये असं मला वाटतं. ओढूनताणून केला तर खोटा वाटतो. तिथे एवढंच म्हणायचं उरतं की हातपाय बांधून ठेवलेल्या माणसाला सरकारने मारू नये. हे पटत असेल तर रूफलाही लागू, पटत नसेल तर मग आपला विरोध फाशी राबवण्याच्या पद्धतीला आहे, फाशीला नाही. तेही प्रामाणिक मत असू शकतं, फक्त कोणतं आपलं ते माहीत पाहिजे.

पण अपवादाची किंमत काय पडते तेही बघा. फेडरल मृत्युदंड इंडियानात टेर होटला होतात. जुलै २०२० ते जानेवारी २०२१ या सहा महिन्यांत तिथे १३ जणांना मारलं, त्याआधी १७ वर्षं एकही नाही. बायडन यांनी ३७ जणांची फाशी रद्द केली ते मोठंच काम, पण दहशतवाद आणि द्वेषातून केलेलं हत्याकांड याला अपवाद ठेवला, म्हणजे तिघांसाठी का होईना ती खोली, ते टेबल, तो कायदा सगळं जागच्या जागी राहिलं. २० जानेवारी २०२५ ला नव्या राष्ट्राध्यक्षांनी पहिल्याच दिवशी आदेश काढला की फाशी मागायला परत सुरुवात करा. रूफसाठी ठेवलेलं दार रूफपुरतं राहत नाही, त्यातून पुढे कोण जाणार ते आपण ठरवत नसतो.

आणि ओंजळताई, तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय असं वाटलं. डेव्हिससाठी रडू आलं, ब्रूअरसाठी आलं नाही, यात काही चूक नाही हो. रडू सगळ्यांसाठी सारखं येत नसतं, येऊही नये. जेम्स बर्डच्या घरातच बघा. ब्रूअरच्या वेळी बर्डच्या बहिणी तिथे हजर होत्या, आणि बर्डचा सख्खा मुलगा मात्र जाहीरपणे सांगत होता की याला मारू नका. २००४ मध्ये तर तो हंट्सव्हिलच्या तुरुंगाबाहेर प्रार्थनेला गेला होता, दुसऱ्या मारेकऱ्यासाठी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मुलाबरोबर. त्या मुलाला त्या माणसांबद्दल माया वाटत असेल का? मला नाही वाटत. ज्या माणसाने आपल्या बापाचे तुकडे केले त्याच्याबद्दल कसली माया. तरी गेला. आणि बहिणींना मी काडीचाही दोष देणार नाही.

रानवारा

+१. बर्डच्या मुलाचं विसरलोच होतो. एक भर, बर्डच्या नावाने २००९ मध्ये जो फेडरल द्वेषगुन्ह्यांचा कायदा झाला त्यात कमाल शिक्षा जन्मठेपच आहे.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार, सडेतोड तुमचेही, तुम्ही तो शेवटचा प्रश्न विचारला नसता तर मी मॅक्लेस्कीच्या आकड्यांमागे लपले असते.

काल रात्री मुलाला हे सगळं वाचून दाखवलं. रूफबद्दल बरं वाटलं होतं तेही सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त अक्षरवेल यांचा तो बर्डच्या मुलाचा भाग परत वाचायला सांगितला.

आमच्या इथे राज्यात फाशी असली की त्या संध्याकाळी कोर्टाच्या पायऱ्यांवर पाच-सहा जण मेणबत्त्या घेऊन उभे राहतात. बहुतेक म्हातारी माणसं, चर्चमधली. मी इतक्या वर्षांत दोनदाच गेलेय, आणि दोन्ही वेळा आधी केस नीट वाचून, हा बहुधा निर्दोष आहे अशी खात्री करून घेऊन. तिथल्या एक आजी प्रत्येक वेळी येतात, मी त्यांना कधी विचारलं नाही की तुम्ही वाचून येता का. पुढची तारीख लागली की मला फक्त वेळ कळवा असा मेसेज आज त्यांना टाकलाय. नाव आणि गुन्हा तिथे पोचल्यावर कळला तरी चालेल. रडू येईल की नाही माहीत नाही. मुलगा म्हणाला सुट्टी असली तर मीपण येतो.