'ज्ञानेश्वर' या नावाची लांबी दहा? चूक भाषेची की आपली?

हलन्त_हरी

सोमवारी सकाळी साडेनऊला एका पतसंस्थेच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. त्यांचं सभासदांचं ॲप आमच्या टीमने केलंय. "अहो, आमच्या क्षमाताईंच्या नावापुढे गोलात 'क' का येतोय? त्या विचारतायत, माझं नाव काय कमा आहे का?"

कोड उघडला. नावाच्या स्ट्रिंगमधलं (साठवलेल्या मजकुरातलं) शून्य नंबरचं, म्हणजे पहिलं कॅरेक्टर काढून गोलात टाकलेलं. क्षमा म्हणजे संगणकाच्या लेखी क, हलन्त, ष, म, काना. पहिला क. झालं. मग यादी नीट पाहिली तर श्रद्धाच्या गोलात 'श', ज्ञानेश्वरच्या गोलात 'ज'. शिवाय लांब नावं आठ कॅरेक्टरवर कापून पुढे तीन टिंबं लावली होती, त्यामुळे ज्ञानेश्वर झाला 'ज्ञानेश्…'. पाय मोडलेला. आणि नावाला किमान तीन कॅरेक्टरची अट होती, म्हणून 'ओम' नावाच्या सभासदाला ॲप म्हणतं, नाव फारच छोटं आहे. 'श्री' मात्र चालतं, कारण ते चार भरतं!

'ज्ञानेश्वर' पाच प्रोग्रामिंग भाषांत मोजून पाहिला. पायथन आणि जावास्क्रिप्ट म्हणतात १०. रस्ट आणि गो म्हणतात ३०, कारण ते बाइट मोजतात आणि यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. स्विफ्ट एकटीच माणसाला दिसणारी अक्षरं मोजायला जाते. चौथीतल्या पोराला विचारा: ज्ञा, ने, श्व, र. चार.

माझं मत: लेंग्थ विचारली की माणसाला दिसतं तेच उत्तर यायला हवं. बाइट हवे असतील त्याने बाइट मागावेत. आपण दर वेळी चुकतो म्हणजे चूक आपली नाही, त्या सोयीला 'लेंग्थ' असं नाव देणाऱ्याची आहे. हाणा आता.

खटपट्या

आधी एक सांगा. रिव्ह्यूमध्ये हे कुणाच्याच नजरेला पडलं नाही? टीममध्ये मराठी माणसं किती?

हलन्त_हरी

पाचांत चार. टेस्ट डेटात सगळी नावं इंग्रजीत. लाज काढू नका.

रॅम_राखणदार

हाणतोच. तुमचा बग तुमचा आहे, भाषेच्या गळ्यात मारू नका.

'लांबी' हा प्रश्नच अर्धा आहे. कशासाठी लांबी? पतसंस्था हप्त्याचे एसएमएस पाठवत असेलच. इंग्रजी एसएमएस १६० कॅरेक्टरचा. त्यात एक मराठी अक्षर घातलंत की अख्खा मेसेज दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये जातो आणि मर्यादा येते ७० वर. मेसेज लांबला आणि तुकडे पडले तर प्रत्येक तुकड्यात ६७. तिथे ज्ञानेश्वर दहाच भरतो, चार नाही. तुमच्या 'माणसाच्या' लांबीवर विसंबून कुणी हिशोब केला तर मेसेजचं बिल दुप्पट येईल आणि मॅनेजरबाईंचा पुढचा फोन त्यासाठी असेल.

डेटाबेसचं तेच. काही ठिकाणी वीसचा कॉलम म्हणजे वीस बाइट. त्यात देवनागरीची सहा चिन्हं मावतात, ज्ञानेश्वर अर्ध्यातच बाहेर.

आता तुमची लाडकी स्विफ्ट. तिथे 'क' ची लांबी १. नुसत्या सुट्या दीर्घ वेलांटीची लांबी १. दोन्ही जोडले की 'की', लांबी १. एक अधिक एक बरोबर एक. ज्याला बेरीज लागू होत नाही त्याला मी लांबी म्हणणार नाही. शिवाय प्रत्येक वेळी स्ट्रिंग सुरुवातीपासून चाळत जायला लागते, ते वेगळंच.

आणि सगळ्यात मोठं: ही 'माणसाची अक्षरं' ठरवणारा युनिकोडचा (जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाचा) नियमच २०२३ साली १५.१ आवृत्तीत बदलला. त्याआधी सरसकट नियमाने जोडाक्षर हलन्तापाशी तुटायचं: ज्, ञा, ने, श्, व, र. सहा. नव्या नियमाने चार. म्हणजे लायब्ररी अपडेट केली आणि त्याच नावाची लांबी सहावरून चारवर आली. असल्या आकड्यावर तुम्ही नावाची वैधता ठरवणार?

मीनल

रॅम, मुद्दे खरे आहेत, पण तुम्ही फक्त लांबीला धरून बसलात. त्रास लांबीचा नाही, गृहीत धरण्याचा आहे.

पायथनमध्ये 'ही स्ट्रिंग फक्त अक्षरांची आहे का' असं विचारायची सोय आहे. तिला 'कमल' द्या, हो म्हणते. 'कमला' द्या, नाही म्हणते. कारण काना हे त्यांच्या वर्गीकरणात अक्षर नाही, 'चिन्ह' आहे. मी हे एका फॉर्मच्या टेस्टिंगमध्ये स्वतः पकडलंय. कमल, गगन, मदन सगळे पास. सीता, राधा, गोविंद नापास. बिनकान्यामात्र्याची नावं असणाऱ्यांनीच अर्ज करावेत!

शोधाचं पण तसंच. पायथनच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये (मजकुरात नमुने शोधायच्या सोयीत) 'शब्द' शोधायला सांगितलं की 'मराठी' चे दोन तुकडे हातात येतात: 'मर' आणि 'ठ'. काना-वेलांटी गळून पडतात. मशीन लर्निंगवाल्या साय-किट लर्नमधला तयार शब्दमोजणीवाला याच नियमावर चालतो, आणि एकाक्षरी तुकडे टाकून देतो. त्याच्या शब्दसंग्रहात 'मराठी' हा शब्द 'मर' म्हणून जमा होतो. कितीतरी विद्यार्थ्यांचे मराठी प्रोजेक्ट अशा चिंध्यांवर उभे असतील, आणि त्यांना वाटत असेल मॉडेल कच्चं आहे.

इथे 'कशासाठी हवंय' हा प्रश्न विचारून काय उपयोग? 'मराठी' हा एक शब्द आहे. कुठल्याही कामासाठी.

रॅम_राखणदार

@मीनल, ते रेगेक्सचं मान्य. तो बगच आहे माझ्या मते. पण एका बगाने सगळी भाषा दोषी ठरत नाही.

मीनल

बग एकच असता तर मीही गप्प बसले असते.

जुना_खिळा

मी छापखान्यातला माणूस, नंतर डीटीपी, आता निवृत्त. मुलाने हा धागा दाखवला.

तुम्ही लोक ज्याला आज शिव्या घालताय ते येण्याआधी काय होतं ते ऐका. श्रीलिपी, शिवाजी असल्या फाँटांत अर्ध्या अक्षराला वेगळी जागा, रफाराला वेगळी, ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप करायची कारण ती आधी दिसते. कागदावर झकास. पण फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की सगळं इंग्रजी भेंडोळं. शोधणं, अकारविल्हे लावणं विसरा. एका फाँटमधून दुसऱ्यात मजकूर न्यायला माणूस बसवायला लागायचा, मी तो माणूस होतो.

युनिकोडने दिसण्याचा क्रम सोडून उच्चाराचा क्रम धरला. ते आपल्याच इस्कीवरून, भारतीय लिप्यांसाठीच्या मानकावरून आलं, १९८८ च्या. म्हणजे 'क्ष' म्हणजे क, हलन्त, ष हे कुणा परक्याने आपल्यावर लादलेलं नाही. व्याकरणाच्या पुस्तकात क् अधिक ष असंच शिकवलेलं आहे.

आणि हरीभाऊ, एक प्रयोग करा. 'ज्ञानेश्वरी' लिहा आणि चुकून शेवटी दीर्घ वेलांटी पडली असं समजा. बॅकस्पेस एकदा दाबा. काय जातं? बहुतेक ठिकाणी फक्त वेलांटी. तुम्हाला तेच हवं असतं. तुमच्या नियमाने अख्खा 'री' गेला असता आणि तुम्ही मला फोन करून शिव्या घातल्या असत्या.

हलन्त_हरी

काका, बॅकस्पेस आत्ता करून पाहिला. हे मला सुचलंच नव्हतं. टाइप करताना मला तुकडे हवेत आणि वाचताना अक्षर, हे खरंय.

तरी हट्ट सोडत नाही. बॅकस्पेस लिहिणारे दहा जण असतील जगात. नावाचं आद्याक्षर गोलात टाकणारे आम्ही लाखभर आहोत. सोपं नाव, सोपी सोय लाखांसाठी हवी की दहांसाठी?

गणमात्रा

मी प्रोग्रामर नाही, मराठी शिकवते, पण गंमत वाटली म्हणून लिहितेय. आमच्याकडे हे भांडण जुनं आहे आणि मिटलेलंही आहे. भुजंगप्रयातात चरणात बारा अक्षरं मोजतात, तिथे 'श्व' एकच. अर्धा श वेगळा मोजत नाहीत, पण त्याचा जोर मागच्या अक्षरावर आला की ते गुरू होतं. मात्रावृत्तात अक्षरं कितीही असोत, मात्रा मोजतात. 'ज्ञानेश्वर' चार अक्षरं, मात्रा सहा. कुणी कवीला विचारत नाही की खरी लांबी कोणती. आधी वृत्त कोणतं ते विचारतात.

रॅम_राखणदार

बाईंनी माझं अख्खं म्हणणं तीन ओळींत मांडलं. मी उगाच एसएमएसचे दर सांगत बसलो.

मीनल

नाही हो. बाईंच्या दोन्ही मोजण्यांत काना-मात्रा अक्षरालाच चिकटून असतात. 'चिन्ह' म्हणून बाजूला काढत नाही कुणी. त्या माझ्या बाजूच्या आहेत.

खटपट्या

बाई दोघांच्या बाजूच्या आहेत, तुम्ही दोघं चहा प्या.

आकड्यांची एक भर घालतो. मोबाइलवर मराठी कीबोर्ड असला की काही जण आकडेही देवनागरी टाकतात. '१२३' पायथनच्या इंट फंक्शनला (मजकुराचा आकडा करणाऱ्या सोयीला) दिलं तर ते मुकाट १२३ देतं. जावास्क्रिप्टला दिलं तर 'हा आकडाच नाही'. म्हणजे ब्राउझरमध्ये फॉर्म रक्कम नाकारतो आणि सर्व्हर तीच रक्कम आनंदाने घेतो. आमच्याकडे यावरून दोन टीम तीन दिवस भांडल्या. दोघींकडे आपापला पुरावा होता.

दर्यावर्दी

तुम्ही सगळे लांबीत अडकलात. अस्सल मराठी दुखणं वेगळंच आहे. खालचे दोन शब्द नीट बघा:

दुसऱ्या
दुसर्‍या

सारखे दिसतायत ना? संगणकाच्या मते वेगळे. पहिल्यात खाली टिंब असलेला 'ऱ' आहे, मग हलन्त, मग य. सात चिन्हं. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडणारं चिन्ह, मग य. आठ. कुठल्या कीबोर्डवरून टाइप केलं त्यावर ठरतं. तुलना केली तर 'समान नाही'. आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची रीत) लावलं तरी हे दोन एक होत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते मुळात दोन वेगळे मजकूर आहेत.

कुणी म्हणेल मग ते अदृश्य चिन्ह सरळ काढून टाका. काढा. 'दुसर्या' होतं. दऱ्याखोऱ्यांतल्या दऱ्या जाऊन दर्या येतो. आचाऱ्यांना द्यायचे पैसे आचार्यांना जातात. हे मी एका इंपोर्ट स्क्रिप्टमध्ये केलेलं आहे. 'नको असलेली अदृश्य चिन्हं साफ करा' असं टिकीट (नोंदवलेलं काम) होतं, मी इमानदारीत साफ केली.

'ॲ' चं तसंच. 'ॲप' मधला ॲ हे एक चिन्ह, युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीची सवय असलेले अ वर चंद्र देऊन 'अॅप' लिहितात. दिसायला तेच, शोधायला वेगळं. इथे माणसाची लांबी घेतली, दोन्हीकडे अक्षर एकच मोजलं गेलं, तरी शब्द जुळत नाही. सांगा आता चूक कुणाची.

रॅम_राखणदार

ही मात्र भाषेची नाही आणि प्रोग्रामरचीही नाही. इतिहासाची आहे. पण निस्तरायची प्रोग्रामरनेच. शोधासाठी वेगळा कॉलम ठेवा, त्यात दोन्ही रूपं एकाच रूपात बदलून घ्या, मूळ नाव जसं टाइप केलं तसं राहू द्या.

जुना_खिळा

बरोबर. माणसाचं नाव त्याने लिहिलं तसंच ठेवावं. छापखान्यातही आम्ही नावाला हात लावत नव्हतो.

हलन्त_हरी

दर्यावर्दी, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री सभासदांची यादी तपासली. 'गोऱ्हे' आडनाव दोन्ही तऱ्हेने नोंदलेलं सापडलं. एकाच घरातले नवरा-बायको, एक या 'ऱ्ह' चा, एक त्या. कुटुंबाचा एकत्र खातेउतारा निघत नव्हता, त्यावर चार महिन्यांपूर्वीचं एक टिकीट 'पुन्हा घडत नाही' म्हणून मी स्वतः बंद केलेलं. रॅम म्हणतात तसा वेगळा कॉलम आज टाकला.

आद्याक्षरासाठी शेवटी तयार सेगमेंटर (मजकुराची अक्षरं पाडणारी सोय) वापरला, स्वतः नियम लिहिले नाहीत. क्षमाताई 'क्ष' मध्ये दिसतायत. मात्रेसकट घेतलंय, कारण मराठीत आपण गोविंदचं 'गो.' आणि विष्णूचं 'वि.' असंच लिहितो. लेंग्थबद्दलचं मत आहे तिथेच आहे, फक्त 'लेंग्थ' हे नावच काढून टाका, बाइट, चिन्हं, अक्षरं अशी तीन नावं ठेवा, इतपत खाली आलोय.

आता नवीन भानगड: 'ज्ञा' त्या गोलात मावत नाही. उजवीकडचा काना बाहेर येतो.

रॅम_राखणदार

त्याला वेगळा धागा काढा. सीएसएसवर, म्हणजे पानाच्या मांडणीवर, मी बोलत नाही.