मदत हवी आहे: सोडतीत मिळालेल्या घरांशेजारी मुलांसाठी बाग करायची आहे, निधी कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या, समुद्रालगतच्या एका लहान शहरात राहते. शहराचं नाव लिहीत नाही, कारण इथे कुणाशी भांडण मांडायचं नाही, काम मार्गी लावायचं आहे.

आमच्या वसाहतीत चार इमारती आहेत, एकूण ९६ घरं. सगळी अत्यल्प उत्पन्न गटातली, ३० चौरस मीटरच्या आसपास चटईक्षेत्राची. जेटीवर मासळी निवडणाऱ्या बायका, रिक्षावाले, दोन अंगणवाडी सेविका, आंब्याच्या हंगामात कॅनिंगला जाणारी माणसं, असे आम्ही सगळे. सोडतीत नंबर लागला त्या दिवशी माझ्या सासूबाई रडल्या होत्या. घर मिळालं याचा आनंद आजही आहे. पण एवढ्याशा घरात पाच माणसं असली की मुलांना बाहेरच जावं लागतं, आणि आमच्याकडे बाहेर म्हणजे रस्ता.

गंमत म्हणजे जागा आहे. मंजूर आराखड्यात वसाहतीच्या मागे १,१०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ११ गुंठे, 'खुली जागा' म्हणून दाखवलेली आहे. निम्मा कातळ, एका कडेला दोन उंडीची झाडं, मध्ये जांभ्यानं बांधलेली जुनी विहीर. विहिरीला कठडा नाही. पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं आणि सापांच्या भीतीनं कुणी तिकडे फिरकत नाही. मागच्या मे महिन्यात आमच्याच इमारतीतल्या आठ वर्षांच्या मुलाला रस्त्यावर खेळताना टेम्पोनं धडक दिली. पाय मोडला, आता तो बरा आहे. त्यानंतर आम्ही बायका बसलो आणि ठरवलं की आता बाग करायचीच.

याआधी एकदा प्रयत्न झाला होता. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेनं झोपाळा आणि घसरगुंडी बसवून दिली. उद्घाटन झालं, फोटो झाले. दुसऱ्या पावसाळ्यात झोपाळ्याची कडी गंजून तुटली. मूल पडलं, नशिबानं फार लागलं नाही. दुरुस्ती कुणी करायची याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, म्हणून शेवटी आम्हीच झोपाळा काढून ठेवला.

आत्ताची अडचण अशी. नगरपरिषदेत गेलो तर सांगतात की जागा आमच्या ताब्यात आलेली नाही. ज्या यंत्रणेनं घरं बांधली तिचं म्हणणं, आम्ही केव्हाच हस्तांतर केलं. सोसायटीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारती सोसायटीच्या नावावर होणं, अजून बाकी आहे. एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी देणाऱ्या विभागाकडे गेले, त्यांनी सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (असा निधी घेणाऱ्या संस्थांना मिळतो तो) मागितला. आमची सहकारी गृहनिर्माण संस्था, आम्ही तो कुठून आणणार? ओळखीच्या ओव्हरसियरनी कुंपण, पायवाट, बाकं, खेळणी आणि विहिरीचा कठडा धरून साडेचौदा लाखांचा अंदाज काढून दिला आहे. वर्गणी काढून आमच्याकडे जमले एकतीस हजार.

असं काम कुणी तडीला नेलं आहे का? आधी कुणाचं दार ठोठवायचं? आणि मिळालेल्या पैशातून बाग झाली, तर ती पाच वर्षांनी उभी राहावी यासाठी सुरुवातीलाच काय करायला हवं?

— बकुळा

प्रतिसाद: जुना_ओव्हरसियर

बकुळाताई, मी नगरपरिषदेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झालो. तुमचा पहिला प्रश्न पैशाचा नाही, कागदाचा आहे. तो सुटल्याशिवाय एकही योजना तुमच्यापर्यंत येणार नाही.

दोन्ही कार्यालयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. मंजूर रेखांकनाची प्रत, खुल्या जागेच्या हस्तांतराचं पत्र आणि ताबा पावती, एवढंच मागा. 'माझी तक्रार आहे की' असं अर्जात लिहू नका, फक्त कागद मागा. राज्याच्या बांधकामाच्या एकत्रीकृत नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या रेखांकनात दहा टक्के खुली जागा ठेवावी लागते. तुमचे १,१०० चौरस मीटर म्हणजे बहुतेक तेच दहा टक्के. ते कुणी मेहेरबानीनं सोडलेले नाहीत, हे सगळ्यांशी बोलताना मनात पक्कं ठेवा.

ताबा नगरपरिषदेचा निघाला की जिल्हा वार्षिक योजनेतल्या नगरोत्थान महाअभियानातून (शहरांतल्या सोयींसाठीची राज्याची योजना) मागणी करता येते. सर्वसाधारण सभेचा ठराव, तांत्रिक मान्यता, मग जिल्हाधिकारी कार्यालयाची प्रशासकीय मान्यता, हा क्रम. नगरसेवकांना भेटायचं तर दिवाळीनंतर लगेच भेटा. फेब्रुवारीत अंदाजपत्रक ठरतं, मार्चमध्ये गेलात तर वर्ष वाया जातं.

आणखी एक. नगरपरिषदेला महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी प्रत्येकी पाच टक्के निधी राखून ठेवावा लागतो. वसाहतीत दिव्यांग मूल असेल तर उतार, रुंद पायवाट आणि पाठीला आधार असलेला झोपाळा यांची मागणी त्या शीर्षाखाली वेगळी करा. मी नोकरीत असताना हा पैसा मार्चअखेर कसाबसा खर्ची पडलेला पाहिला आहे. मागायलाच कुणी येत नाही.

प्रतिसाद: सागरवेल

सीएसआरबद्दल लिहिते, माझं कामच ते आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेला तो निधी थेट मिळत नाही. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी, नोंदणीकृत सार्वजनिक न्यास किंवा संस्था लागते, तिच्याकडे आयकर खात्याची १२अ आणि ८०जी ही नोंदणी हवी, तीन वर्षांचं काम हवं आणि सीएसआर-१ नोंदणी हवी. म्हणून नवीन ट्रस्ट काढायच्या फंदात पडू नका, तीन वर्षं त्यातच जातील. जिल्ह्यात आधीपासून काम करणारी संस्था गाठा आणि तिच्यामार्फत प्रस्ताव पाठवा. कंपनीनं स्वतःच काम करून द्यायचं ठरवलं तर तोही रस्ता मोकळा आहे. कायदा कंपनीला आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, त्यामुळे मुंबईकडे पाहण्याआधी तुमच्या किनाऱ्यावरचे कारखाने आणि बंदरं पाहा.

प्रस्तावात टेम्पोचा अपघात लिहा, पण त्यावर थांबू नका. किती मुलं, कोणत्या वयाची, संध्याकाळी कुठे खेळतात, हे घरोघर जाऊन मोजा. ९६ घरं आहेत, दोन रविवारांत होईल.

प्रतिसाद: वेंगुर्ल्याचो_शेजारी

ताई, लोखंडाचो नाद सोडा! खाऱ्या हवेत साधं लोखंड दोन पावसाळे काढत नाही, ते तुम्ही पाहिलंच. जस्ताचा मुलामा दिलेले पाईप घ्या, कड्या आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. बाकं चिऱ्याची बांधा, ती कुणी उचलून नेत नाही आणि रंगवावीही लागत नाहीत. शोभेची झाडं कंत्राटदाराला लावू देऊ नका. उंडी आहेच, ती खारा वारा सोसते, तिला हात लावू नका. जोडीला करंज, बकुळ, ताम्हण. कातळावर खड्डे जूनच्या आधी खणून माती भरून ठेवा, पहिल्या पावसात झाड लावा.

विहिरीकडे मात्र नीट बघा. केंद्राच्या अमृत २.० या शहरी पाणी अभियानात सगळी शहरं येतात आणि त्यात जलस्रोत आणि विहिरींच्या पुनरुज्जीवनाबरोबर हिरव्या जागांचंही काम बसतं. अभियानाची मुळात ठरलेली मुदत २०२५-२६ पर्यंतची होती, म्हणून ते अजून चालू आहे का, हे मुख्याधिकाऱ्यांना आधी विचारा. बागेला पैसे नाहीत म्हणणारे विहिरीला कधी कधी देतात.

प्रतिसाद: जुना_ओव्हरसियर

देखभालीचं राहिलं होतं. खासदार निधीच्या नियमांत काम मंजूर करण्याआधीच वापरणाऱ्या संस्थेकडून देखभालीची हमी घ्यायला सांगितलेलं आहे. तुम्ही न मागता ती हमी सगळीकडे जोडा. महिन्याला दर घराचे वीस रुपये धरले तरी वर्षाला तेवीस हजारांवर जातात. एवढ्यात गवत काढणारा माणूस आणि वर्षातून एकदा खेळण्यांची तपासणी होते. तुमचा पहिला झोपाळा पैशाअभावी तुटला नाही, तो कुणाचा नव्हता म्हणून तुटला.

बकुळा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे प्रतिसाद मी आमच्या जिन्यात मोठ्यानं वाचून दाखवले. तळमजल्यावरच्या काकूंनी तिथेच पहिले वीस रुपये काढून दिले, ते वहीत लिहिले आहेत. माहिती अधिकाराचे दोन्ही अर्ज सोमवारी जातील. दुसऱ्या इमारतीत चाकाच्या खुर्चीवरची एक मुलगी आहे, इतके दिवस आमच्या यादीत तिचं नावच नव्हतं याचं फार वाईट वाटलं. तिच्या आईला आता समितीत घेतलं आहे. विहिरीवर निदान जाळी टाकायचं काम एकतीस हजारांतून या आठवड्यात करतोय, त्यासाठी कुणाची वाट बघणार नाही.

एकच मागणं. देखभालीच्या हमीपत्राचा मराठी नमुना कुणाकडे असेल, तर कृपया इथेच टाका. रविवारी सोसायटीची सभा आहे, त्यात ठराव घ्यायचा आहे.