तीन इंजेक्शनांत लिगामेंट नवं? आधी गुडघ्याखालची उशी काढा

वऱ्हाडी_वात्रट:
कालपासून एक पोस्ट फिरते आहे: ‘एसीएल तुटलं? ना चिरफाड, ना व्यायामाची कटकट. तीन पीआरपीत गुडघा नवा! स्टेम सेलही मिळेल.’ पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटचं (रक्त गोठवणाऱ्या पेशींचं) इंजेक्शन. राजेहो, किती सहन करायचं? एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी बांधणारा पट्टा, लिगामेंट; ते गुडघ्याच्या सांध्याच्या आत असतं. तुटलेल्या टोकांवर रक्ताची गुठळी टिकली तर तिच्या आधाराने नवे तंतू येतील, पण सांध्यातलं पाणी तिला टिकूच देत नाही. एमसीएल हे गुडघ्याच्या आतल्या कडेचं लिगामेंट, पण सांध्याच्या पोकळीबाहेर, म्हणून ते ब्रेसमध्ये (आधारपट्ट्यात) दीड-दोन महिन्यांत बहुधा आपलं आपण जुळतं. मध्ये सुई टोचली की श्रेय सुईला! आणि स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं फक्त मंजूर संशोधन चाचणीत. तिथे रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

धंतोलीचा_पंखा:
भाऊ, पीआरपी आणि स्टेम सेल एकाच पोत्यात कोंबू नका. पीआरपी म्हणजे ३० मिली रक्त, त्यात न गोठण्याचं औषध. मग मशीनमध्ये पहिली फेरी हळू फिरवून लाल पेशी खाली बसवायच्या, वरचा भाग काढून दुसरी फेरी जोरात. उरतं ३-४ मिली, त्यात प्लेटलेट मूळ रक्ताच्या तीन ते पाच पट. अर्धवट फाटलेल्या एमसीएलवर सोनोग्राफीत बघून नेमकं सोडलं तर दुखणं उतरू शकतं. बिघडतं कुठे? एका फेरीत उरकतात, प्लेटलेट मोजत नाहीत, आठवडाभर आधी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं बंद करायला सांगत नाहीत. दोष उरकण्याचा आहे.

वऱ्हाडी_वात्रट:
‘उतरू शकतं’ आणि ‘गुडघा नवा’ यात नागपूरच्या धंतोली ते कामठीइतकं अंतर आहे. दुखणं गेलं तरी एसीएल तुटलेलं असेल तर लॅकमन टेस्टमध्ये, म्हणजे डॉक्टर हाताने ओढून बघतात तेव्हा, नडगी पुढे सरकतेच ना जी?

शेक_विरोधी:
तुम्ही सुईवर भांडत बसा. खरी लूट फिजिओच्या नावाखाली आहे. दहा दिवस आयएफटी (सौम्य विजेचा प्रवाह), अल्ट्रासाउंड, गरम शेक, आणि निघताना ‘गुडघ्याखाली उशी ठेवा’! त्या उशीनेच गुडघा वाकलेला आखडतो. दुखापतीनंतर पहिल्या दोन आठवड्यांत पाय पूर्ण सरळ झाला नाही तर चाल लंगडी होते आणि मांडीचा पुढचा स्नायू झोपी जातो. उशी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी, दहा मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. मग मांडी आवळून पाच सेकंद धरा, दहा वेळा, जागेपणी दर तासाला. पाय सरळ उचलताना गुडघा जरासाही वाकत असेल तर कुबड्या सोडू नका. यातलं मशीन कुठलं करतं?

सिमेंट_रोड_पीडित:
नव्या सिमेंट रोडची कड आणि बाजूची माती यात वीतभर फरक. गाडी घसरते, पाय टेकतो, गुडघा पिळतो. त्यावर इंजेक्शन निघालं का?

वऱ्हाडी_वात्रट:
त्यासाठी वेगळा धागा काढा.

धंतोलीचा_पंखा:
शेक_विरोधी, टाचेखाली उशी सरसकट सांगू नका. मेनिस्कसचा, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीचा, फाटका तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून अडकला असेल तर गुडघा ठरावीक कोनावर स्प्रिंगसारखा अडतो. तिथे दाबत बसणं म्हणजे नुकसान वाढवणं. आधी एमआरआय, मग शल्यचिकित्सक.

शेक_विरोधी:
बरोबर. एवढं एक तरी शहाणपणाचं बोललात.

मानकापूरचा_रेडर:
म्हणजे सगळे ऑपरेशनच्या विरोधात? कबड्डीत वळणाऱ्या माणसाला लिगामेंट लागतंच.

वऱ्हाडी_वात्रट:
विरोधात कोण आहे? २०१० साली स्वीडनमधून १२१ तरुणांचा अभ्यास छापून आला. सगळ्यांचं एसीएल तुटलेलं. त्यातल्या ५९ जणांना आधी व्यायाम, लागलं तरच ऑपरेशन; बाकीच्यांचं ऑपरेशन लवकरच. दोन वर्षांत २३ जणांना लागलं, ३६ जणांना नाही. गुडघ्याच्या त्रासाचे दोन्ही गटांचे गुण सारखेच.

मानकापूरचा_रेडर:
त्यात व्यावसायिक खेळाडू नव्हते, हे काहून गिळलं? आणि पाच वर्षांत निम्म्यांना ऑपरेशन लागलं, तेही सांगा.

वऱ्हाडी_वात्रट:
घ्या, सांगितलं. पण ऑपरेशननंतर सहाव्या महिन्यात मॅटवर उतरू नका. आधी नऊ महिने जाऊ द्या, आणि एका पायावरच्या उड्या व मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के. नवव्या महिन्यापर्यंत प्रत्येक महिना थांबल्याने पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्मा होतो, असं नॉर्वे-अमेरिकेच्या अभ्यासात दिसलं. ताकद टेपने मोजत नाहीत बरं, मांडीचा घेर फसवतो.

धंतोलीचा_पंखा:
‘तीन पीआरपीत गुडघा नवा’ चूक आहे, लिहून देतो. एका फेरीत उरकणाऱ्यांची वकिली करायला मीही रिकामा नाही.

शेक_विरोधी:
आणि उशी?

धंतोलीचा_पंखा:
टाचेखाली, बाबा, टाचेखाली.