ऑफिसात खुर्चीवरनं पडून मनगट मोडलं, भरपाई कुठं मागायची? (सांगली-कुपवाड)

हिशोबनीस_सांगली · ११ जून २०२४
नमस्कार. मी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात अकाउंट्सला आहे, चार वर्षं झाली. २७ मे ला ऑडिटसाठी रॅकच्या वरच्या कप्प्यातनं जुन्या फाइली काढायच्या होत्या, शिडी नाही की स्टूल नाही, सगळे करतात तसं चाकाच्या खुर्चीवर उभी राहिले आणि खुर्ची सटकली. उजवं मनगट मोडलं. मिरजेत ऑपरेशन करून प्लेट टाकली, बिल ६८ हजार, भावानं भरलंय. डॉक्टरांनी सहा आठवडे काम बंद सांगितलंय. पगार १९,५००. आता मॅनेजर म्हणतात चूक तुमची, खुर्चीवर कशाला चढलात, तरी माणुसकी म्हणून १५ हजार देतो, या कागदावर सही करा. कागदात लिहिलंय की पुढं कसलीच मागणी करणार नाही. वर हे दिवस माझ्या रजेतनं कापायला लागलेत. कुणाकडं जाऊ? वकिलावर पाच हजाराच्या वर घालवू शकत नाही आणि नोकरी सोडायची नाही, एवढं धरून सांगा. डाव्या हातानं टाइप करतेय, चुका समजून घ्या.

कृष्णाकाठ७७
ताई सही अजिबात करू नका. आमच्या वडिलांची दोन बोटं गेली होती साखर कारखान्यात, तेव्हा पण असाच कागद पुढं केलेला. आम्ही कोल्हापूरचा वकील लावला, फी ४० हजार, सहा वर्षं तारखा, पण शेवटी १२ टक्के व्याजासकट पैसे काढले. चांगला वकील घ्या, स्वस्तातला नको.

हिशोबनीस_सांगली
४० हजार माझे दोन महिन्यांचे पगार होतात हो.

वारणेचा_गडी
केस वगैरे काही होत नाही. कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा कायदा मशिनीवर काम करणाऱ्यांचा आहे, टेबलावर बसणाऱ्या क्लार्कला त्यात धरत नाहीत. माझ्या मेहुण्याला लेबर ऑफिसात तोंडावर हेच सांगितलेलं. १५ हजार घ्या आणि मोकळ्या व्हा.

जुना_युनियनवाला
मेहुण्याला कुठल्या साली सांगितलं? कायदा १९२३ चा आहे, त्यात आधी कारकुनी काम करणारे खरंच वगळले होते. २०१० पासून दुरुस्ती लागू झाली, नाव वर्कमेनचं एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशन झालं आणि कारकुनाला वगळणारे शब्द काढून टाकले. कारखान्याच्या आवारात अकाउंट्सला असणारी बाई आता त्यात येते. आणि चूक कुणाची हा प्रश्न तिथं बहुतेक वेळा येतच नाही. दारू पिऊन पडलात किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडलात तर गोष्ट वेगळी. शिडी न देता फाइली काढायला लावायच्या आणि वर चूक तुमची म्हणायचं, हे मी तीस वर्षं ऐकतोय आणि दर वेळी तेवढाच राग येतो.

वारणेचा_गडी
२००७ असंल. पण आमच्यात तरी कुणाला काही मिळालेलं बघितलं नाही.

माधवनगरची_माई
बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा काढलाय का? वर्षाला २० रुपये कापतात बघ, दोन लाख मिळतात. आमच्या घरात सगळ्यांचा आहे.

कृष्णाकाठ७७
माई, ते मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच. नुसत्या फ्रॅक्चरला त्यात काही नाही.

विश्रामबाग_१९
पैशाचं मला कळत नाही पण २०१९ ला माझं हेच मनगट मोडलेलं, भीतीनं बोटंच हलवली नाहीत, सगळी आखडली, मग आठ महिने फिजिओ. डॉक्टरांना विचारून आजपासून बोटं हलवायला लागा.

जुना_युनियनवाला
सगळे वकिलावर भांडायला लागलेत आणि मुख्य गोष्ट राहिली. ताई, पगाराच्या स्लिपवर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापलेलं दिसतंय का?

हिशोबनीस_सांगली
हो, १४७ रुपये. मला वाटायचं ते कसलं तरी कल्याण फंडाचं आहे. कार्ड कधी काढलंच नाही.

जुना_युनियनवाला
मग तुमचा रस्ताच वेगळा. २१ हजारापर्यंत पगार असला की ईएसआयसी (हा विमा चालवणारं सरकारी महामंडळ), तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५. तुम्ही त्यात आहात म्हणजे याच अपघातासाठी मालकावर १९२३ च्या कायद्याची केस चालणार नाही, कोल्हापूरचा वकील विसरा. पण कामावर झालेल्या अपघाताला ईएसआयसी रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के देते. रोज ६५० धरा, ५८५ होतात, ४२ दिवसांचे २४,५७०. पुढं मनगटात कायमची कसर राहिली तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि महिन्याला पैसे चालू होतात, हे पहिल्या पैशांहून वेगळं. मालकानं अपघाताचा रिपोर्ट २४ तासांत पाठवायला पाहिजे होता. नाही पाठवला तर तुम्ही स्वतः लेखी कळवा, ईएसआयसीच्या शाखेत पोच घ्या. आणि ज्या दिवसांचा रजेचा पगार घ्याल त्या दिवसांचे हे पैसे मिळत नाहीत, म्हणून रजा कापायला आधी लेखी नकार द्या.

एमआयडीसी_बसवाला
ईएसआयचा दवाखाना म्हणजे सकाळी नंबर लावा, दुपारी गोळ्या घ्या. मी तर नाद सोडला. कामावर येताना गाडी घसरून गुडघा फुटला तेव्हा म्हणाले हा कामावरचा अपघात नाही.

जुना_युनियनवाला
कधीची गोष्ट? २०१० पासून घरनं कामावर येता-जातानाचा अपघात पण धरतात, कामाशी संबंध दिसला की झालं.

एमआयडीसी_बसवाला
२०१६. म्हणजे मला खोटं सांगितलं?

वारणेचा_गडी
रांगेत उभं राहण्यापेक्षा १५ हजार बरे, हातातले तरी आहेत.

कृष्णाकाठ७७
मी अजून म्हणतो एक नोटीस तरी वकिलाकडनं जाऊ दे. नोटीस आली की मालक सरळ होतात.

हिशोबनीस_सांगली · २ जुलै २०२४
सगळ्यांचे आभार. वकील केला नाही, १५ हजारही घेतले नाहीत. मॅनेजरना वगळून थेट मालकांकडं गेले, सासरे सोबत होते. अर्जात तीनच गोष्टी लिहिल्या: अपघाताची नोंद आणि रिपोर्ट, कापलेल्या रजा परत, आणि रेकॉर्डरूमला शिडी. मालकांनी तिथंच रिपोर्ट करायला सांगितलं, २४ जूनला गेला. ईएसआयच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट १४ जूनपासून चालू आहे. त्याच्या आधीचे १८ दिवस मी रजा म्हणून सोडून देणार आहे आणि ६८ हजाराच्या बिलाचं पण कुठं मागणार नाही. भावाचे पैसे महिन्याला चार हजार करून फेडीन.

जुना_युनियनवाला
ताई, हे चुकतंय. खासगी डॉक्टरांचे कागद मान्य करायचा अधिकार ईएसआयसीला असतो. डिस्चार्ज कार्ड जोडून त्या १८ दिवसांचा अर्ज करा, बिलाचाही करा, तातडीनं जवळच्या दवाखान्यात न्यावं लागलं एवढं लिहा. मिळेल न मिळेल, अर्जाला पैसे पडत नाहीत.

हिशोबनीस_सांगली
काका, तुमचं बरोबर असणार. पण मला तिथंच रोज बसायचंय, आणि हाताला अजून कप उचलत नाही. एवढं मिळालं तरी पुरे.

कृष्णाकाठ७७
वकील लावला असता तर बिलाचं सुटलं असतं.

जुना_युनियनवाला
सुटलं नसतं. बसवाले, तुम्ही तुमच्या गुडघ्याचे जुने कागद ठेवलेत का?