शेतातली ओल आणि पाण्याचा दाब लांबून बघायचाय, स्वस्तात काय बसवू?

मळेकरी:
प्लॉट लांब आहे, रोज जाणं होत नाही, ठिबकचे व्हॉल्व्ह तिथलं कुणीतरी फिरवतं. मला मोबाईलवर एवढंच दिसायला हवं की मातीत ओल किती आहे आणि पाणी खरंच शेवटच्या लॅटरलपर्यंत (ओळीतल्या ठिबक नळीपर्यंत) पोचलं का. तयार सिस्टीम परवडत नाही, म्हणून ईएसपी32 (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि मातीत खोचायचे सेन्सर घेऊन घरीच जोडावं म्हणतोय. तिकडे वायफाय नाही. काय काय घेऊ?

सर्किटवाला:
दोन उघड्या पट्ट्यांचे रेझिस्टिव्ह सेन्सर अजिबात घेऊ नका, करंटमुळे पट्ट्या गंजतात आणि रीडिंग भरकटतं. कपॅसिटिव्ह (उघडा धातू मातीला न लावता ओल मोजणारे) घ्या, पण त्याच्याही कडेतून आणि वरच्या पार्टमधून पाणी शिरतं, तेव्हा आधी इपॉक्सीने सील करा. टक्केवारीवर मात्र विश्वास ठेवू नका, जमीन बदलली किंवा क्षार वाढले की आकडा बदलतो. भरपूर पाणी देऊन निचरा झाला, वाफसा आला, की जो आकडा दिसेल ती वरची खूण, आणि पीक ताण दाखवायला लागतं त्याच्या जरा आधीचा आकडा ती खालची, बस त्या दोन्हींच्या मध्ये राहायचं. एक सेन्सर 15-20 सेंमीवर, दुसरा 40-50 वर. खालचा कायम ओला राहिला तर पाणी मुळांच्या खाली चाललंय समजा.

रानवाट:
वायफाय नाही तर लोरा, म्हणजे कमी बॅटरीत लांब जाणारा रेडिओ. मोकळ्यावर दोन-तीन किलोमीटर जातं, पीक उंच झालं की रेंज पडते म्हणून अँटेना पिकाच्या वर काढा. सिमवालं करणार असाल तर 2जी मॉड्यूल नको, बऱ्याच देशांत 2जी बंद झालंय. आणि ईएसपी32 चिप डीप स्लीपमध्ये (झोपवून ठेवल्यावर) 10 मायक्रोअँपच्या आसपास घेते हे खरं, पण डेव्हलपमेंट बोर्डावरचा रेग्युलेटर आणि यूएसबी चिप त्याच्या कितीतरी पट खातात, बॅटरी तिथेच संपते.

दाबमापक:
माझं मत वेगळं आहे, ओलीच्या आधी दाब बघा. ओल कमी झाल्याचं कळेपर्यंत पाण्याची पाळी चुकलेली असते, दाब मात्र मोटर चालू झाल्यावर थोड्याच वेळात सांगतो की पाइप फुटलाय की व्हॉल्व्हच उघडला नाही. एक सेन्सर फिल्टरच्या आधी, एक नंतर, एक सबमेनच्या (लॅटरलना पाणी देणाऱ्या पाइपच्या) टोकाला. फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा फरक वाढत गेला की फिल्टर चोक होतोय. ड्रिपर चोक झाले तर दाब पडत नाही, उलट थोडा वाढतो, त्यासाठी फ्लोमीटर लागेल.

मळेकरी:
हे पटलं, दाबापासूनच सुरुवात करतो. पण दाबाचे सेन्सर 5 व्होल्टवाले दिसतायत, बॅटरीवर कसे चालवू?

दाबमापक:
छोटा बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारा) लावा आणि तो मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) फक्त रीडिंगपुरता चालू करा. सेन्सरचं आउटपुट 4.5 व्होल्टपर्यंत जातं, ईएसपी32 ला 3.3 च्या वर चालत नाही, मध्ये व्होल्टेज कमी करायला दोन रेझिस्टरचा डिव्हायडर हवाच.