मिथेनॉलला 'मद्यार्क' म्हणायचं का?

शाईदौत: रसायनांच्या साठवणुकीची सूचनापत्रिका मराठीत करतेय. मुळात जिथे जिथे 'अल्कोहोल' होतं तिथे मी 'मद्यार्क' घातलं. पदार्थ आहे मिथेनॉल. तपासणाऱ्या बाईंनी शब्द खोडला. म्हणाल्या, 'मद्य' वाचलं की माणसाला पिण्याचीच वस्तू वाटेल. आम्ही तर शाळेत मद्यार्कच शिकलो. मग लिहू काय?

परीक्षानळी: बाईंचं बरोबर आहे. मद्यार्क म्हणजे इथेनॉल, दारूतलं अल्कोहोल, तेवढंच. मिथेनॉल दिसायला तसंच पाण्यासारखं, वासही जवळचा. पण पोटात गेलं की त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि दृष्टी जाते. पेटलं तर उजेडात ज्योतही धड दिसत नाही, चटका बसल्यावर कळतं. सरळ 'मिथेनॉल, विषारी' लिहा.

मुळाक्षर: म्हणजे पुन्हा परकाच शब्द! मद्यार्क इतका घडीव मराठी शब्द असताना?

जुनीवही: घडीव खरा, पण निम्मा अरबी. हा अर्क म्हणजे 'अरक', घाम. ऊर्ध्वपातनात, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ थंड करताना, थेंब सुटतात, तो घाम. संस्कृतातला अर्क वेगळा, तो सूर्य नाहीतर रुई. अल्कोहोलसुद्धा अरबीच: अल्-कुह्ल, डोळ्यांत घालायचा सुरमा. आधी बारीक पूड, मग कशाचंही सत्त्व. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्याने तो वाइनच्या सत्त्वाला लावला.

मुळाक्षर: मुरला तो आपला. उद्या 'कागद'ही टाकाल!

परीक्षानळी: अहो, मुळाचा वाद कुठे आहे, अर्थाचा आहे. कार्बनच्या साखळीला ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा) गट लागला की रसायनात ते अल्कोहोल. ग्लिसरॉल, म्हणजे आपलं ग्लिसरीन, त्यातलंच. क्रीममधलं सेटिल अल्कोहोल तर मेणासारखं पांढरं, 49 अंशांच्या आसपास वितळणारं. त्याला मद्यार्क म्हणाल?

जुनीवही: पण मिथेनॉल ज्यावरून आलं त्या 'मिथाइल'मध्येही मद्य आहेच की! 1830च्या दशकात ड्यूमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनज्ञांनी ग्रीक 'मेथु' (मद्य) आणि 'ह्यूले' (लाकूड) जोडून मूळ शब्द घडवला, कारण लाकूड बंद भांड्यात तापवून हे मिळायचं. हा 'मेथु' आपल्या 'मधु'चा भाऊबंद.

मुळाक्षर: बघा! मग 'काष्ठमद्यार्क' का नको?

शाईदौत: पुन्हा मद्य आलंच ना त्यात. पत्रिका आज छापायला जायचीय हो. 'स्पिरिट' चालेल?

परीक्षानळी: मुळीच नको. इथेनॉल पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात मुद्दाम मिथेनॉल घालतात, त्या मिश्रणालाही लोक स्पिरिटच म्हणतात.

जुनीवही: स्पिरिट लॅटिन. मूळ अर्थ श्वास. त्यावर सविस्तर लिहिते, थांबा.