बास अँप घेताना आधी काय: हेड की कॅबिनेट? (अँपेग, मार्कबास, जीके वगैरे)

खर्जातला (पुणे)

आमच्या चौघांच्या बँडला सहा वर्षं झाली. माझा जुना कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) गेल्या महिन्यात बंद पडला आणि आता मी पहिल्यांदाच वेगळं हेड (आवाज वाढवणारा डबा) आणि वेगळी कॅब (स्पीकरची पेटी) घेणार आहे. ज्याला विचारावं तो हेडच्या कंपनीचं नाव सांगतो. कोणी म्हणतं अँपेगला पर्याय नाही, कोणी म्हणतं मार्कबास घे म्हणजे पाठ शाबूत राहील, कोणी म्हणतं गॅलियन-क्रूगर (जीके) घे, जन्मभर पुरेल. कॅबबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. तीही त्याच कंपनीची घ्यायची, हे गृहीतच.

माझं म्हणणं असं की हे उलटं आहे. पैसे आधी कॅबला द्यावेत, उरतील त्यात हेड बसवावं.

कारण साधं आहे. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती आवाज मिळतो, ही कॅबची संवेदनक्षमता. एक कॅब १०० डेसिबल देते आणि दुसरी ९४, तर तो ६ डेसिबलचा फरक भरून काढायला चौपट वॅट लागतात. म्हणजे पहिल्या कॅबवरचं २०० वॅटचं हेड आणि दुसरीवरचं ८०० वॅटचं हेड साधारण एकाच पातळीवर. आपण मात्र हेडवर छापलेल्या आकड्यावरून भांडत बसतो. मार्कबासचं लिटल मार्क ३ एका ८ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) कॅबला ३०० वॅट देतं, अॅग्विलारचं टोन हॅमर ५०० देतं २५०. हा फरक एक डेसिबलसुद्धा भरत नाही.

गेल्या रविवारी जॅमरूमवर करून पाहिलं. एकच कॅब, तीन हेड, बाकीचे तिघे पाठ करून उभे. इक्यू (टोनची बटणं) सपाट, आवाज शक्य तितका सारखा केलेला. कुठलं हेड कधी लागलं ते कोणालाच नीट सांगता आलं नाही. मग एकच हेड ठेवून तीन कॅब बदलल्या. दुसऱ्या तिसऱ्या मात्रेलाच तिघेही सांगत होते.

सध्याचा विचार: बारा इंची एकच स्पीकर असलेली ८ ओहमची चांगली कॅब, तिच्यावर आधी सांगितलेल्या दोनपैकी एक हेड. पुढच्या वर्षी तशीच दुसरी कॅब, म्हणजे ४ ओहम होतील आणि हेडचे पूर्ण ५०० वॅट मिळतील. चुकत असेन तर सांगा, फक्त कारण द्या.

जुनी तार (गिरगाव)

कारण देतो. तुम्ही हेड तपासलंत, पण हेडला काम करूच दिलं नाहीत.

मी १९८७ पासून वाद्यवृंदांत बास वाजवतो आहे. ट्यूबचं (जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांचं) हेड सपाट इक्यूवर, जॅमरूमच्या आवाजात, बाकीच्यांसारखंच वाजणार. त्याचं खरं रूप दिसतं ते ड्रमर जोरात आल्यावर, पॉवर ट्यूब ताणल्या गेल्यावर. सुराचं टोक किंचित दबतं, मागचा भाग फुगून वर येतो, आणि बोट जोरात पडलं तरी आवाज फाटत नाही, जाड होतो. अँपेगचा एसव्हीटी १९६९ साली आला. १४ ट्यूब, ३०० वॅट. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो वापरला गेला, तेव्हा मोठ्या स्टेजवर बास ऐकू येणं हाच प्रश्न होता. त्यानंतरच्या रॉकमध्ये बास म्हणून जो आवाज आपल्या कानात बसला, त्यातला फार मोठा हिस्सा त्या एका हेडचा आणि त्याच्याखालच्या ८×१० (दहा इंची आठ स्पीकरच्या) कॅबचा आहे. म्हणून लोक अँपेगचं नाव घेतात. नावामागे आवाज आहे.

ही कंपनी उभीच राहिली ती बासवाल्यांसाठी. एव्हरेट हल यांनी डबल बासच्या खालच्या खुंटीत, म्हणजे पेगमध्ये, मायक्रोफोन बसवला. अँप्लिफाइड पेग, त्यावरून अँपेग. मग १९६० चा बी-१५, पंधरा इंची एक स्पीकर, वापरून झाला की हेड उलटं करून पेटीतच ठेवायचं. २५ वॅटचा तो अँप आजही लोक शोधत फिरतात. वॅट आणि डेसिबलच्या हिशेबात हे कुठे बसवणार?

खर्जातला

काका, एसव्हीटीच्या आवाजाबद्दल मला आदरच आहे. पण तुमच्याच उदाहरणात निम्मं श्रेय ८×१० कॅबचं आहे, आणि ते तुम्हीच लिहिलंय.

त्या कॅबकडे आकड्यांतून पाहू. एसव्हीटी-८१० ई बंद पेटीची आहे, तिचा आवाज ५८ हर्ट्झलाच ३ डेसिबल खाली येतो. बासची सुटी ई तार ४१ हर्ट्झ, पाच तारांच्या बासची बी ३१. म्हणजे ज्याला आपण अँपेगचा खोल खर्ज म्हणतो तो मुळात खोल नाहीच. ऐकू येतो तो ८२ हर्ट्झचा दुसरा स्वरांश आणि त्याच्या वरचे मध्य. आवाज आवडतो तो त्या पेटीमुळे. तीच पेटी वेगळ्या हेडखाली ठेवली तरी ओळख बरीचशी राहते.

शिवाय वजन. ती कॅब साडेत्रेसष्ट किलो, ट्यूबचं हेड आणखी ३६ किलोच्या घरात. आमची जॅमरूम तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

जुनी तार

८२ हर्ट्झबद्दल तुम्ही बरोबर आहात आणि तेच माझं म्हणणं आहे. खरा खालचा ४१ हर्ट्झ स्टेजवर चिखल करतो, ड्रमरच्या किकशी (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमशी) भांडतो. ज्यांनी ती पेटी बनवली त्यांनी तो खालचा भाग सोडून दिला, बदल्यात जोर मिळवला. ध्वनीच्या धंद्यातला जुना नियम आहे: पेटी लहान, खर्ज खोल आणि आवाज मोठा, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतात. तुमच्या बारा इंची हलक्या कॅबने यातलं काय सोडलंय, ते विकत घेण्याआधी शोधा.

आणि उंची. चार फुटांची कॅब असली की वरचे स्पीकर कानाच्या जवळ येतात. छोटी कॅब घोट्याशी वाजते. मग माणसाला स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून तो आवाज वाढवतो, आणि पहिल्या रांगेतल्यांच्या छातीत धडधड.

पिवळा कोन (मडगाव)

मी लग्नांत वाजवतो. डिसेंबर-जानेवारीत एका आठवड्यात पाच पाच कार्यक्रम, एकाच दिवशी दोनसुद्धा. माझ्याकडे आठ वर्षांपासून मार्कबास आहे. हेड तीन किलोच्या आत, पाठीवरच्या पिशवीत केबलींबरोबर मावतं. कॅबमधले चुंबक निओडिमियमचे असल्याने तीही एका हाताने उचलतो. हलका अँप म्हणजे पातळ आवाज असं दहा वर्षांपूर्वी लोक म्हणायचे. नवऱ्या मुलाच्या काकांना पातळ आवाज लगेच कळतो, एकदाही तक्रार आली नाही.

जुनी तार यांचा आवाज मला मान्य आहे, पण रात्री एक वाजता वाळूतून साठ किलोची पेटी गाडीपर्यंत नेणारा माणूस मला कोणी देत नाही. आवाजाची निवड करताना शरीर धरायचं नाही, हे मला पटत नाही. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या दोघांनी पाठीमुळे बास सोडला.

मात्र खर्जातला यांच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. हेडमध्ये फरक आहे. टोन हॅमरचा ड्राइव्ह (आवाज किंचित फोडणारं बटण) वाढवला की वरचा भाग मऊ होतो, सूर गोल होतो. मार्कबास तसा होत नाही, तो बोटात आहे तेच देतो. तीन तास वाजवल्यावर हातांना हा फरक कळतो, पाठ करून उभ्या राहिलेल्या गिटारवाल्याला नाही.

खर्जातला

हा शेवटचा मुद्दा मी लिहून ठेवला. ऐकणाऱ्याला विचारलं, वाजवणाऱ्याला विचारलंच नाही.

डाग (नाशिक)

सोल्डरिंगचं काम करतो, म्हणून वेगळी बाजू. ब्रँड निवडताना बिघडल्यावर काय होणार हे कोणी का विचारत नाही?

माझ्या टेबलावर पंचवीस-तीस वर्षं जुनी जीके ८०० आरबी येतात, हार्टकीची ३५०० येतात. आत मोठे ट्रान्झिस्टर, मोठा ट्रान्सफॉर्मर, हाताने काढता-लावता येणारे भाग. एक ट्रान्झिस्टर जळाला तर तो बदलायचा, संध्याकाळी माणूस अँप घेऊन घरी. आताच्या डी क्लास, म्हणजे हलक्या, हेडमध्ये पॉवरचा सगळा भाग एका छोट्या पट्टीवर असतो. ती गेली की बहुतेक वेळा अख्खी पट्टी मागवावी लागते. एका ग्राहकाचं हलकं हेड सात महिने माझ्याकडे पडून होतं, कंपनीच्या इथल्या प्रतिनिधीकडून भाग आलाच नाही. पूर्ण हंगाम त्याने उसन्या अँपवर काढला.

ट्यूबवाल्यांनीही ऐकावं. कॅब न जोडता ट्यूबचं हेड चालू करून वाजवलंत तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि तो स्वस्त नसतो. एसव्हीटीच्या सहा पॉवर ट्यूबचा जुळवलेला संच परदेशातून येतो.

आणि पावसाळा. कॅब प्लायवुडचीच घ्या. भुशाच्या फळीची कॅब कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे जमिनीवर राहिली की तळ फुगतो, स्क्रू धरत नाहीत, मग सुरावर पेटीच खुळखुळते आणि लोक स्पीकर फाटला म्हणून माझ्याकडे येतात.

मागचा डेस्क (कोल्हापूर)

मी मिक्सरवर बसतो. तुमचा अँप प्रेक्षक ऐकतच नाहीत. मी डीआय बॉक्समधून (बासचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी डबी) तार घेतो, माझे अठरा इंची सब (खर्जाचे स्पीकर) खाली आहेत, बास तिथून जातो. स्टेजवरचा अँप जितका मोठा तितकं माझं काम अवघड, कारण तो गायकाच्या माइकमध्ये शिरतो. जुनी तार यांनी साठच्या दशकातल्या अँपचं नाव काढलं म्हणून सांगतो: त्याच काळात मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या डेट्रॉइटच्या स्टुडिओत तिथला बासवादक जेम्स जेमर्सन याचा बास बहुतेक वेळा थेट डेस्कमध्ये जात होता. ज्या आवाजाला सगळे नमस्कार करतात त्यातला मोठा भाग अँपशिवायचा आहे.

चांगला प्रीअँप पेडल (पायाशी ठेवायची, आवाज घडवणारी डबी) घ्या, कानात मॉनिटर (स्वतःचं ऐकायचे इअरफोन) घाला, उरलेले पैसे बँडच्या गाडीला द्या.

जुनी तार

तुमच्यासारखा डेस्कवाला दर कार्यक्रमाला मिळाला तर मी उद्या अँप विकेन. पण तालुक्याच्या गावी अनेकदा दोन टॉप (प्रेक्षकांकडचे स्पीकर) आणि एक मॉनिटर (स्टेजकडे तोंड केलेला स्पीकर) असतो, तोही गायकाचा. तिथे बास ऐकू येतो तो माझ्या मागच्या पेटीतूनच. कानात मॉनिटर घातला की ड्रमरचा श्वास ऐकू येत नाही, स्टेज हललेलं कळत नाही. माझ्यासाठी बास हे अर्धं पायांनी ऐकण्याचं वाद्य आहे. त्यासाठी हवा हलवावी लागते.

पिवळा कोन

+१. डीआय कार्यक्रमासाठी ठीक. सराव कशावर करणार?

ए तार (न्यू जर्सी)

खर्जातला, तुमच्या जॅमरूमची मापं काय आहेत? रविवारच्या चाचणीबद्दल शंका आहे.

खर्जातला

साधारण १० बाय १२ फूट. एका भिंतीला गादी लावलेली.

ए तार (न्यू जर्सी)

मग तुम्ही खोली ऐकलीत. १२ फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो, १० फुटांच्या भिंतींत ५६ च्या आसपास. बासवर बघा: ई तारेवरचा दुसरा फ्रेट, एफ शार्प, ४६ हर्ट्झ. सुटी ए तार ५५. हे दोन सूर त्या खोलीत कुठल्याही कंपनीच्या कॅबवर फुगणार, आणि ४१ हर्ट्झपर्यंत खाली उतरणारी कॅब तिथे सगळ्यात वाईट वाजणार, कारण तीच त्या घुमण्याला सगळ्यात जास्त खाद्य देते. खर्ज लवकर सोडणारी बंद पेटी तिथे स्वच्छ वाटेल. मैदानात चित्र नेमकं उलटं होईल. पातळ गादीने या कंपनांना काही होत नाही. तुमच्या तिन्ही कॅब मोकळ्या जागेत, भिंतीपासून दूर, पुन्हा ऐका. आणि ऐकताना निदान पंधरा फूट लांब उभे राहा, कॅबला चिकटून नको.

मी इथे एसडब्ल्यूआर कंपनीची जुनी गोलायथ कॅब वापरतो, ४×१० आणि ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर). कंपनी फेंडरने घेतली आणि पुढे बंदही केली, म्हणून ती कॅब सेकंडहँड बाजारात हल्ली मातीमोल मिळते. मित्र मला अमेरिकेतून हेड आणायला सांगतात, त्यांच्यासाठी एक सूचना: मागच्या बाजूला व्होल्टेज वाचा. मोठ्या ट्रान्सफॉर्मरची बरीच जुनी हेड फक्त १२० व्होल्टची असतात, भारतात २३० वर लावली की संपली. काही नवी हलकी हेड दोन्हीवर चालतात, पण सगळी नाही, आणि एकाच मॉडेलचं वर्षागणिक बदलू शकतं.

डाग

हे कोणीतरी लिहायलाच हवं होतं. असं जळालेलं एक हेड आत्ता समोर आहे.

खर्जातला

ए तार, धन्यवाद. काल रात्री फक्त सुटी ए वाजवत खोलीभर फिरलो. एका कोपऱ्यात खिडकीची काच वाजते, खोलीच्या बरोबर मध्ये सूर जवळजवळ नाहीसा होतो. मी ज्या कॅबला बोदी ठरवून बाद केलं होतं, ती त्या कोपऱ्यात ठेवलेली होती. तेव्हा कॅबमधला फरक हेडपेक्षा मोठा, हे मी अजूनही म्हणतो, पण कुठली कॅब चांगली हा माझा निकाल मी मागे घेतो.

डागदादांमुळे हेडही बदललं. पुण्यात एक सेकंडहँड जीके ८०० आरबी मिळतंय, दहा किलोच्या आसपास. तीन किलो नाही, पण ३६ ही नाही. बिघडलं तर नाशिकला आणता येईल.

जुनी तार काका, येत्या शनिवारी सकाळी शाळेचं मैदान दोन तासांसाठी मिळालंय. बारा इंची कॅब, एक ४×१०, आणि एका मित्राच्या ओळखीने खराखुरा ८×१०. उचलायला चौघे आहेत. तुम्ही गिरगावहून आलात तर वाजवायला तुम्ही, पंधरा फुटांवर उभा मी.

जुनी तार

सकाळच्या डेक्कन एक्स्प्रेसने येतो. ड्रमरलाही बोलवा. एकट्या बासवर मी काही ठरवत नाही.